शाळेची वाट, म्युनिकची आणि इंदिरानगरची

नाशिकला आले की एक प्रश्न हमखास येतो. "दोन मुलगे, दोघांच्या नोकऱ्या, मदतीला घरातलं कुणी नाही. तिथं कसं गं जमवता?" सासरी इंदिरानगरला विचारतात, माहेरी पंचवटीत विचारतात, मेन रोडला खरेदी करताना ओळखीचं कुणी भेटलं तरी हेच. उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून यंदा नीट लिहून काढते आहे. आमच्याकडे म्युनिकला, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात, शाळांना साधारण ऑगस्टच्या सुरुवातीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत सुट्टी असते. त्यामुळे आम्ही येतो ते ऐन श्रावण-भाद्रपदात.

म्युनिकमधला आमचा दिवस सहाला सुरू होतो. थोरला आठ वर्षांचा, आता तिसरीत जाईल. धाकटा पाच वर्षांचा, किंडरगार्टनमध्ये. मी लवकर कामाला बसते आणि लवकर सुटते. नवरा सकाळ सांभाळतो आणि उशिरा निघतो. डब्यात ब्रेड, काकडी, सफरचंदाच्या फोडी, आणि आदल्या रात्री भाजणी भिजवायला जमलं असेल तर थालीपीठ. नाश्त्याच्या वेळी टेबलावर फोन उभा करायचा आणि इंदिरानगरच्या आजोबांशी बोलायचं, हा नियम. उन्हाळ्यात तिथले सात म्हणजे इथले साडेदहा, आजोबांचा पेपर वाचून झालेला असतो. हिवाळ्यात तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, फरक साडेचार तासांचा होतो, आणि आजोबांच्या मागून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. शाळेत कोण कुणाशी भांडलं हे त्यांना माझ्याआधी कळतं.

मग साडेसात वाजून गेले की थोरला दप्तर पाठीला लावतो आणि एकटा शाळेत जातो.

हे सांगितलं की इथं सगळे चमकतात. "एकटा? आठ वर्षांचा?" आणि मग कौतुक सुरू होतं, तिकडची मुलं किती स्वावलंबी असतात, तुम्ही कशी शिस्त लावलीत. या कौतुकाशी मी सहमत नाही. मुलगा तोच आहे. आई-बापही नाशिकचेच आहेत. वेगळा आहे तो रस्ता.

आमच्या घरापासून शाळेपर्यंत फूटपाथ कुठेही तुटत नाही. त्यावर गाडी उभी नसते, डीपी नसतो, वाळूचा ढीग नसतो. वस्तीतल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा आहे. जो एक मोठा रस्ता ओलांडावा लागतो, तिथं शाळेच्या वेळेला चमकणारं जॅकेट घातलेल्या एक आजी उभ्या असतात. हातातली फळी आडवी धरून त्या गाड्या थांबवतात. शहरात अशी कामं करणारे निवृत्त लोक आणि पालक पुष्कळ आहेत. पहिलीत जायच्या आधीच्या सुट्टीत आई-बापांनी मुलाबरोबर ही वाट पुन्हा पुन्हा चालायची असते. कुठे थांबायचं, कुठून वळणारी गाडी दिसत नाही, हे त्याच्या उंचीला वाकून बघायचं. नंतर शिक्षकच सांगतात की आता गाडीनं सोडायला येऊ नका. दुसऱ्या कोपऱ्यावर वर्गातली दोन मुलं भेटतात, म्हणजे तो खरा एकटा असतो जेमतेम पाच मिनिटं.

त्याहून मला भावलेली गोष्ट म्हणजे जर्मनीत १९७१ पासून शाळकरी मुलांना सरकारी अपघात विमा आहे, आणि त्यात घर ते शाळा ही वाटही धरलेली आहे. वाट ही शाळेचाच भाग, असं तिथल्या कायद्यानं मानलं. सायकलचंही असंच ठरलेलं आहे. आठ वर्षं पूर्ण होईपर्यंत मुलानं फूटपाथवरून किंवा रस्त्यापासून वेगळ्या केलेल्या सायकलवाटेवरूनच सायकल चालवायची, दहापर्यंत फूटपाथवर चालवली तरी चालते, आणि चौथीत पोलीस येऊन सायकलची परीक्षा घेतात. थोरला आतापासूनच हात दाखवून वळायचा सराव करतो.

बाकीचा दिवस म्हणजे पळापळ. शाळा दुपारी लवकर सुटते, मग चारपर्यंत तिथंच जेवण आणि गृहपाठ. धाकट्याला मी आणते. हिवाळ्यात एका मुलाचे थर्मल, बर्फाचा सूट, हातमोजे, टोपी, बूट चढवायला जो वेळ जातो, त्यात इथं मंडईतून भाजी घेऊन येता येईल. रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी आठवड्याचं सामान भरायचं. प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या दुकानातल्या यंत्रात टाकल्या की बाटलीमागे २५ सेंट परत मिळतात, ते काम मुलांचं आणि पैसेही मुलांचे. थोरल्यानं यंदा पोहण्याचा पहिला बिल्ला मिळवला. उडी मारून २५ मीटर पोहायचं आणि पाण्याच्या तळाशी पडलेली कडी बुडी मारून काढायची. माझे वडील गोदावरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, त्यांना हा बिल्ला दाखवताना पोराची छाती फुगली होती. साडेसहाला वरण-भात, आठला दिवे बंद.

मूल आजारी पडलं की मात्र सगळं वेळापत्रक कोसळतं. अशा वेळी सरकारी आरोग्य विम्यातून भरपाईची रजा मिळते. २०२४ पासून ती एका पालकाला एका मुलामागे वर्षाला १५ दिवस आहे. या रजेनं आम्हाला तारलं आहे. पण तापानं फणफणलेल्या मुलाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याची पट्टी ठेवून रात्रभर बसणारी आजी त्या रजेत मिळत नाही. तिथं मुलांना रागावायला आम्ही दोघंच, आणि लाड करायलाही दोघंच. हे मला फार लागतं.

आणि म्हणून नाशिकचे हे आठवडे मुलांसाठी मोलाचे आहेत. धाकटा सकाळी कुणाच्या घरात जेवला आणि दुपारी कुणाच्या घरात झोपला हे संध्याकाळी विचारावं लागतं. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की माहेरचे फोन करून सांगतात की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, आणि आजोबा दोघांना घेऊन पूर बघायला निघतात. सोसायटीच्या गणपतीत रात्री अकरापर्यंत जागरण. आठला झोपणारी हीच मुलं आरतीत झांजा सोडत नाहीत. इतक्या माणसांनी आपल्याला नावानं हाक मारावी, हे सुख त्यांना म्युनिकमध्ये नाही.

पण म्युनिकमध्ये एकटा शाळेत जाणारा थोरला इंदिरानगरात कोपऱ्यावरून कोथिंबीर आणू शकत नाही. परवा आजीनं त्याला पाठवलं आणि मागोमाग आजोबांना पाठवलं. आजोबांचं बरोबर होतं. फूटपाथवर दुचाक्या, उलट्या बाजूनं येणारी रिक्षा, हायवेखालच्या बोगद्याकडून सुसाट निघालेल्या गाड्या. त्याला अंतर कळतं, रस्ता ओलांडता येतो, तरी ते पुरत नाही. माझ्या लहानपणी आम्ही पंचवटीत शाळेत चालतच जायचो, तेव्हा ही काही परदेशी कल्पना नाही. ज्या नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली, ज्या शहरात मुंबई नाक्याजवळ मुलांना वाहतुकीचे नियम शिकवणारं खास पार्क आहे, त्या शहरातल्या मुलानं पार्कच्या बाहेर सायकल काढायची म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. हे बदलायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

माझा पुतण्या सातवीत आहे. शाळा जेमतेम एक किलोमीटरवर, तरी रिक्षावाले काका घ्यायला येतात. काका अतिशय चांगले आहेत, घरच्यासारखे. पण पोराला पाय असून तो दिवसाकाठी दोनशे पावलंही शाळेच्या वाटेवर चालत नाही. यावर जाऊबाई आणि मी बरंच बोललो. सोसायटीतल्या आणखी दोघीजणी तयार झाल्या. ठरलंय असं की शनिवारी, शाळा उशिरा भरते तेव्हा, चार-पाच मुलांनी एकत्र चालत जायचं आणि आळीपाळीनं एका मोठ्या माणसानं बरोबर राहायचं. मुलं तयार आहेत. अडचण एका चौकाची आहे, तिथं शाळेच्या वेळेला कुणीतरी गाड्या थांबवायला हवा. आजोबांनी विचारलं, मीच उभा राहिलो तर? त्यांना रोज सहाला उठायची सवय आहे, आणि त्यांच्या फिरायच्या ग्रुपमध्ये असे आणखी सातआठ जण आहेत. जाऊबाई या आठवड्यात वाहतूक पोलिसांकडे अर्ज घेऊन जाणार आहेत. अर्जाचा मजकूर आम्ही काल रात्री बसून लिहिला. इंदिरानगरात कुणाला सही करायची असेल, तर संध्याकाळी सोसायटीच्या मंडपात या.