कोपी, ओ, सी आणि कोसोंग

सिंगापुरात शिकायला आलेल्यांचा पहिला रविवार मरलायन या सिंहमुखी माशाच्या पुतळ्यासमोर फोटो काढण्यात जातो. जाऊ द्यावा. दुसरी फेरी मात्र तेलोक आयर स्ट्रीटची करावी, तीही कामाच्या दिवशी सकाळी.

त्याच नावाच्या मेट्रो स्टेशनातून निघून दक्षिणेकडे चालत गेलं की दहा मिनिटांच्या आत नागोर दर्गा, थिआन हॉक केंग मंदिर आणि अल-अब्रार मशीद अशी ओळीने लागतात. दर्गा आणि मशीद तमिळ मुसलमानांची. मंदिर होक्किएन, म्हणजे फुजियान प्रांतातून आलेल्या चिन्यांनी 1839 ते 1842 या काळात बांधलेलं, माझू या समुद्रदेवतेचं. समोर समुद्र मात्र नाही, उंच इमारती आहेत. तेव्हा हा रस्ताच किनारा होता. भराव पुढे पडला. गलबतातून उतरलेला माणूस सुखरूप पोचल्याबद्दल इथेच हात जोडायचा. मंदिराचा उंबरा चांगला उंच आहे. त्यावर पाय द्यायचा नाही, ओलांडायचा. मराठी घरात वाढलेल्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

पुढे आमॉय स्ट्रीट फूड सेंटर. अकराच्या सुमारास पोचावं, कारण बारा ते दोन कचेऱ्यांतली गर्दी लोटते आणि रविवारी बरेच गाळे बंदच असतात. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर ती जागा धरलेली आहे. एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमालच तो, फक्त इथे त्यावरून भांडण होत नाही.

कॉफी मागताना खरी परीक्षा. नुसतं ‘कोपी’ म्हटलं की कन्डेन्स्ड मिल्क घातलेली, दातांना चिकटेल इतकी गोड कॉफी येते. ‘कोपी-ओ’ म्हणजे बिनदुधाची, पण साखर असतेच. ‘कोपी-सी’त आटवलेलं बिनगोड दूध आणि वर साखर. साखर नको तर शेवटी ‘कोसोंग’, कमी हवी तर ‘सिऊ दाई’, कडक हवी तर ‘गाऊ’, बर्फ हवा तर ‘पेंग’. ‘कोसोंग’ मलय, म्हणजे रिकामं. ‘ओ’ होक्किएन, म्हणजे काळं. ‘सी’ कुठून आला यावर वाद आहे. एका कपात इतक्या भाषा ढवळल्या जातात आणि गल्ल्यावरची बाई हे सगळं एका दमात आत ओरडून सांगते. फसगत ठरलेली एकच: ‘नो शुगर’ सांगून साधी कोपी मागायची. कन्डेन्स्ड मिल्कमधली साखर कोण काढणार?

शाकाहाऱ्यांनी सांबाल या मिरचीच्या चटणीत परतलेल्या पालेभाजीपासून जपून राहावं. त्यात बहुधा बेलाचान असतं, म्हणजे जवळा आंबवून केलेली वडी.

खाऊन झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा. 2021 पासून तसा नियमच आहे. ट्रेच्या मांडण्या मात्र दोन, हलाल आणि बिगरहलाल. डुकराच्या मांसाच्या नूडल्सचा वाडगा हलालच्या मांडणीवर ठेवला तर कुणी आरडाओरडा करणार नाही, पण सफाईवाले काका तो उचलून मुकाट्याने पलीकडे ठेवतील, आणि तेच जास्त लागतं. म्हणून आधी पाटी वाचावी.

निघताना टेबलावरचं टिश्यूचं पाकीट आठवणीने उचलावं, नाहीतर ते टेबल बराच वेळ रिकामंच राहतं.