पेपर आला का?

"बाबांना आता माझं काहीच वाटत नाही," मुलगी दारातच मला म्हणाली.

वडिलांना एससीए-२. लहान मेंदू हळूहळू झिजवणारा आनुवंशिक आजार. मुलांना तो येण्याची शक्यता ५० टक्के. आदल्या आठवड्यात तिचा स्वतःचा जनुकीय रिपोर्ट पॉझिटिव्ह आला होता. तिनं तो वडिलांना सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आज पेपर आला का?"

मी न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूच्या आजाराचा विचार आणि भावनांवर काय परिणाम झाला हे तपासणं माझं काम. काकांची विचारशक्तीची नेहमीची चाचणी घेतली, ३० पैकी २८ गुण. तारीख, वजाबाकी, सगळं बरोबर. जीभ तेवढी जड. बरेचदा तपासणी इथेच थांबते. या आजारासाठी वापरतात त्या 'सारा' मापनात चाल, बोलणं, हातपाय अशा आठ कसोट्या आहेत, विचाराची एकही नाही. मला हे फार खटकतं. लहान मेंदूला इजा झाली की नियोजन, भाषा आणि भावनाही बिघडतात, हे श्माहमान आणि शेरमन या संशोधकांनी १९९८ मध्येच मांडलं होतं. मेंदूतल्या सुमारे ८० टक्के चेतापेशी या एवढ्याशा भागात असतात. त्या काय फक्त तोल सांभाळायला?

'क'पासून सुरू होणारे शब्द सांगा म्हटलं. मिनिटभरात पाच आले, त्यातला एक दोनदा.

मग एक गोष्ट सांगितली. एकीनं मैत्रिणीला स्वतः विणलेला स्वेटर दिला. वर्षभरानं तीच मैत्रीण तिच्यासमोर म्हणाली, "हा भिकार स्वेटर कुणी दिला कोण जाणे!" काकांनी गोष्ट जशीच्या तशी परत सांगितली.

"विणणारीला काय वाटलं असेल?"

"काय वाटणार? स्वेटर जुना झाला असेल."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. चेहऱ्यांचे फोटो दाखवले तेव्हाही तेच. राग त्यांनी लगेच ओळखला. संकोच आणि काळजी मात्र ओळखता येईना.

मी तिला समजावलं, की समोरच्याच्या मनात काय चाललंय हे ताडण्याची त्यांची क्षमता आजारानं कमी केली आहे. माया उरली आहे की नाही, हे माझ्या चाचण्या मोजत नाहीत. पण त्यांनी ओळखावं म्हणून थांबू नकोस, सरळ शब्दांत सांग.

ती त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली. "बाबा, त्या रिपोर्टमुळे मला खूप भीती वाटतेय. रात्री झोप येत नाही."

काका बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग एकेक अक्षर जोडत म्हणाले, "मग... सांगायचंस ना."