छापायला मोकळे स्क्रीनशॉट : बडोद्याहून कामाची खबरबात

मंडळी, लिब्रेऑफिसच्या (ऑफिसच्या कामाचा प्रोग्राम) स्क्रीनशॉटचा संच हातावेगळा झालाय, क्यूजीआयएस (नकाशांचा प्रोग्राम) अर्ध्यावर आलंय आणि गिम्पला (चित्रं सुधारायचा प्रोग्राम) नुकती सुरुवात केलीय. नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे कुणालाही वापरता, बदलता आणि वाटता येणाऱ्या सॉफ्टवेअरवर, मराठीत पुस्तक काढणाऱ्या कुणालाही परवानगीचं एकही पत्र न लिहिता छापता येतील असे स्क्रीनशॉट तयार करायचे आणि विकिमीडिया कॉमन्सवर (मोकळ्या चित्रांचा ऑनलाइन साठा) चढवायचे, असं हे काम आहे.

इथे दांडिया बाजारात शाळकरी मुलांसाठी संगणकाची पुस्तकं काढणारे एक प्रकाशक आहेत. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "अहो ताई, सॉफ्टवेअर मोकळं आहे ना? मग चित्र कुणीही छापावं. अडचण कुठे येते?"

अडचण येते ती खिडकीच्या आत. लिब्रेऑफिसचा परवाना एमपीएल २.०, गिम्पचा जीपीएल, हे दोन्ही मुक्त सॉफ्टवेअरचे मोकळे परवाने. पण त्यात उघडलेला फोटो, मागे दिसणारा वॉलपेपर, ब्राउझरमधलं पान, कोपऱ्यातलं एखाद्या कंपनीचं चिन्ह, या प्रत्येकाचा धनी वेगळा असतो. त्यातली एक गोष्ट जरी बंदिस्त निघाली तरी सबंध चित्र अडकतं. म्हणून माझा बराचसा वेळ 'प्रिंट स्क्रीन' दाबण्याआधीच जातो: पडद्यावर काय ठेवायचं, ते कुणाचं आहे आणि त्याची नोंद कशी करायची.

लिब्रेऑफिसमधल्या रायटरच्या (मजकूर लिहायचा प्रोग्राम) चित्रांसाठी मजकूर मीच लिहिला. आपल्या बडोद्याच्या सेव-उसळीची कृती, साहित्याच्या तक्त्यासकट. शीर्षक, क्रमांकित यादी, तक्ता, तळटीप असं सगळं त्यात येतं आणि मुलांना वाचावंसंही वाटतं. कॅल्कमध्ये (त्यातलाच तक्ते-हिशेबाचा प्रोग्राम) एका काल्पनिक वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून संस्थानभर वाचनालयांचं जाळं उभारायला घेतलं, त्या गावात दुसरं कुठलं रजिस्टर सुचणार! सभासदांची नावं मात्र 'सभासद क', 'सभासद ख' अशीच ठेवलीत. छापील पुस्तकात कुणा खऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर जाता कामा नये.

गिम्पला चित्र हवं होतं, तिथे राजा रविवर्मा धावून आले. ते १९०६ साली वारले, त्यामुळे स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच उलटून गेलीय. जुन्या सपाट चित्राची हुबेहूब प्रतिकृती कॉमन्स सार्वजनिक मालकीची धरतं, म्हणून तिथलीच प्रत घेतली. बडोद्याच्या दरबारासाठी त्यांनी इतकं काम केलंय की 'कर्व्हज' (चित्राचा उजेड-अंधार बदलायचं साधन) शिकवताना साडीच्या जरीवर उजेड कसा चढतो हे त्यांच्याच चित्रावर दाखवताना फार आनंद होतो.

आता आकार. इथे छापखान्याचं गणित आधी मांडायला हवं. डेमी आकाराच्या पुस्तकात मजकुराची रुंदी साधारण सव्वाचार इंच. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, धरलं तर १२७५ पिक्सेल झाले. म्हणजे नेहमीची १९२० पिक्सेलची पूर्ण स्क्रीन त्यात बसवायची तर ती आक्रसणारच. पण खरी गोम अक्षरांत आहे. मेनूचं ११ पॉइंटचं अक्षर नेहमीच्या स्क्रीनवर पंधराएक पिक्सेल उंचीत बसतं. तेच ३०० डीपीआयने छापलं की साडेतीन पॉइंटचं होतं. रोमन अक्षर कसंबसं वाचता येतं, पण देवनागरीतल्या मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरं शाईत बुडून जातात. म्हणून मी व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणारा दुसरा, आभासी संगणक) २५६० बाय १६०० ची स्क्रीन घेते, स्केलिंग (पडद्यावरची अक्षरं-बटणं मोठी करायची सोय) २०० टक्के ठेवते आणि ज्या भागाबद्दल धडा आहे तेवढाच भाग कापून देते. अक्षर सात पॉइंटच्या घरात येतं. पूर्ण खिडकीचं चित्र प्रत्येक प्रोग्रामचं एकच, ओळखीपुरतं.

व्हर्च्युअल मशीनचा दुसरा फायदा असा की खातं कोरं असतं. 'अलीकडच्या फायली'मध्ये आपल्या बँकेचं स्टेटमेंट डोकावत नाही.

फॉन्टचं अँटिअलायझिंग (अक्षरांच्या कडा मऊ करायची सोय) ग्रेस्केलवर, म्हणजे फक्त करड्या छटांवर, ठेवा. सबपिक्सेलवर (रंगीत छटांवर) असलं की अक्षरांच्या कडांना लाल-निळी किनार येते आणि एकरंगी छपाईत तीच कड फुगते. थीम उजळच घ्या. गिम्प २.१० पासून गडद थीममध्ये उघडतं. स्क्रीनवर देखणं दिसतं, पण पुस्तकाच्या साध्या मॅपलिथो कागदावर काळा ठोकळा उमटतो आणि पाठच्या पानावरही डोकावतो. प्रकाशकांकडे पानांची मांडणी करणाऱ्या डीटीपीवाल्या दादांनी दोन्ही थीमचा प्रूफ शेजारी शेजारी काढून दाखवला, त्यानंतर उजळ थीमबद्दल कुणी वाद घातला नाही. फाइल पीएनजीच, त्यात चित्राचा तपशील हरवत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ती जेपेग (तपशील गाळून दाबलेली फाइल) होऊन पोचते आणि अक्षरांभोवती धूळ दिसते.

सगळ्यात रमले ते क्यूजीआयएसमध्ये. तिथे मागे उपग्रहाचं चित्र लावायचा मोह होतो, पण व्यावसायिक नकाशासेवांचं चित्र त्यांच्या अटींवर येतं, मोकळं नसतं. मी क्विकओएसएम या जोड-प्रोग्रामने ओपनस्ट्रीटमॅपचा (लोकांनी मिळून बनवलेला मोकळा नकाशा) डेटा आणला: विश्वामित्री, सूरसागर, मध्ये मांडवी आणि भोवतीचे चार दरवाजे, म्हणजे पाणीगेट, लहरीपुरा, चांपानेर, गेंडीगेट. नावं दाखवणाऱ्या लेबलच्या सूत्रात कोअलेस (यादीतलं पहिलं भरलेलं नाव उचलणारी आज्ञा) वापरलं की आधी मराठी नाव घेतलं जातं, ते नसेल तर नेहमीचं. जिथे मराठी नाव नव्हतं तिथे मी ते ओपनस्ट्रीटमॅपमध्येच भरतेय, म्हणजे चित्राबरोबर नकाशाही सुधारतो. हा डेटा ओडीबीएल या मोकळ्या डेटाच्या परवान्याखाली आहे, त्यामुळे श्रेयाची ओळ चित्राखाली द्यावीच लागते. शहराचाच नकाशा घेतल्यामुळे देशाच्या सीमा दाखवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपल्याकडे प्रकाशक त्या बाबतीत काटेकोर असतात आणि ते बरोबरच आहे.

परवान्याबद्दल कळकळीने सांगते. पुष्कळ जण चांगल्या मनाने 'विनाव्यापारी' अट घालतात. पुस्तक विकलं जातं, त्यामुळे ते चित्र प्रकाशकाच्या कामाचं राहत नाही आणि कॉमन्सही ते घेत नाही. 'बदल करू नये' ही अटही तशीच. चित्र कापायचं, बाण काढायचा, आकडे टाकायचे, हे तर पाठ्यपुस्तकात करावंच लागतं. माझा वाटा, म्हणजे मजकूर, मांडणी आणि निवड, मी सीसी-झिरोखाली (सगळे हक्क सोडून देणारा परवाना) देते आणि प्रोग्रामचा परवाना वेगळा नोंदवते. प्रत्येक चित्रासोबत एक छोटी टेक्स्ट फाइल असते: प्रोग्राम, आवृत्ती, परवाना, आत दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा उगम आणि जशीच्या तशी उचलून छापता येईल अशी श्रेयाची ओळ. प्रकाशकांना चित्रांपेक्षा ही फाइल जास्त आवडली. "वकिलाला दाखवायला कागद झाला," म्हणाले.

विंडोजचा प्रश्न प्रकाशकांनी काढलाच, कारण शाळांत तेच आहे. लिब्रेऑफिस आतून विंडोजवर आणि माझ्याकडच्या प्रणालीवर जवळपास सारखं दिसतं, म्हणून वरची शीर्षकपट्टी कापून देते. मुलं गोंधळत नाहीत.

लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा येते. त्यामुळे सेव-उसळीचं डॉक्युमेंट, रजिस्टर आणि क्यूजीआयएसचा प्रोजेक्टही चित्रांसोबत ठेवतेय. पुढे कुणालाही तोच पडदा पुन्हा उभा करता येईल. इंकस्केप (रेखाचित्रांचा प्रोग्राम) आणि ऑडॅसिटी (आवाज रेकॉर्ड करायचा प्रोग्राम) अजून कुणी घेतलेलं नाही. ऑडॅसिटीसाठी स्वतःच्या आवाजातलं, स्वतः लिहिलेलं काही वाचून रेकॉर्ड केलेलं हवंय. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मंडळींपैकी कुणी घेणार असेल तर मोजमापांची फाइल पाठवते.