कोटिंग चांगलं होतं, तरी स्प्रिंगा तुटल्या

कस्टमरच्या पोलादी स्प्रिंगांना आम्ही झिंकचं प्लेटिंग करून दिलं होतं, त्याचा फोन आला तो थेट "तुमचं प्लेटिंग खराब आहे" म्हणूनच. म्हणजे काय ते बघायला गेलो. झिंकची जाडी मोजली, सगळीकडे ८ मायक्रॉनच्या वर, कुठे फोड नाही की पापुद्रा सुटलेला नाही. पण संध्याकाळी असेंब्लीत दाबून बसवलेल्या काही स्प्रिंगा सकाळी जागच्या जागी तुटलेल्या, कुणी हातही लावला नव्हता.

तुकडा भिंगाखाली धरला. तार कुठे ताणून बारीक झालेली नाही, काच फुटावी तसा सरळ ब्रेक. म्हणजे हायड्रोजन.

लोकांना वाटतं टाकीत बुडवलं की झालं प्लेटिंग. जॉब, म्हणजे प्लेटिंगचा माल, कॅथोडला (करंटच्या ऋण टोकाला) जोडलेला असतो, करंट सोडला की द्रावणातलं झिंक त्याच्यावर बसतं, पण सगळा करंट झिंकच्या कामी येत नाही, अल्कलाइन (क्षारीय) द्रावणाच्या टाकीत तर बराच करंट पाण्यातून हायड्रोजन काढण्यात जातो आणि त्यातला थोडा बुडबुडा होऊन वर न येता पोलादात शिरतो. आधी पिकलिंगच्या, म्हणजे गंज-पपडी काढायच्या, ॲसिडमध्येही हायड्रोजन असाच शिरतो. माइल्ड स्टीलला सहसा काही होत नाही, कडक पोलाद मात्र ताणाखाली काही तासांनी अचानक तडकतं. वरून झिंकचा थर हायड्रोजनला सहज बाहेर पडू देत नाही.

म्हणून आतला हायड्रोजन घालवायला प्लेटिंग झाल्यावर ४ तासांच्या आत ओव्हनमध्ये १९० ते २२० डिग्री सेल्सियसला बेक करायचं आणि पॅसिव्हेशन, म्हणजे झिंकवरची पिवळी वगैरे संरक्षक फिल्म, त्यानंतर, आधी केलं तर ती फिल्म उष्णतेने बाद होते. कस्टमरच्या चलानवर फक्त "झिंक, पिवळं" लिहिलेलं. स्प्रिंग आहे म्हणून आमच्या सुपरवायझरने कुणी न सांगता वेळेत ओव्हनला लावून ४ तास बेक केलं होतं, असा माणूस मिळायला नशीब लागतं. हार्डनेस नंतर तपासला तर ५० रॉकवेल सी! एवढ्या कडक मालाला २० तासांच्या वर बेकिंग लागतं. ड्रॉइंगवर एक ओळ लिहायला काय जात होतं?

आणि कस्टमरने हीट ट्रीटमेंटची काळी पपडी तशीच ठेवून माल पाठवलेला, ती शॉट ब्लास्टिंगने काढून द्यायला हवी होती, ती निघेपर्यंत जॉब ॲसिडमध्ये जास्त राहिला. नुकसान तिथेच झालं की प्लेटिंगमध्ये, हे मला अजून ठरवता येत नाहीये, कारण एकाच बॅरलमधल्या (प्लेटिंगच्या फिरत्या पिंपातल्या), म्हणजे एकत्रच प्लेटिंग झालेल्या, काही तुटल्या आणि बाकीच्या टिकल्या.

आता ते म्हणतात उरलेला लॉट परत बेक करून द्या. आत बारीक तडा पडला असेल तर बेकिंगने तो भरून येत नाही, आणि बाहेरून तो दिसतही नाही. मी नाही म्हणून लेखी कळवलंय, लॉट स्क्रॅप करा.