अखेर दुसरा हात निघाला!

भूतखेकड्याच्या बिळात प्लास्टर ओतून घेतलेला, इंग्रजी ‘वाय’च्या आकाराचा अख्खा साचा हाती आला, टोकाशी वाळूने बंद असलेल्या दुसऱ्या फाट्यासकट, म्हणजे पळवाटेसकट! गुहागरच्या पुळणीवर, भरतीरेषेच्या वर मर्यादवेलीच्या कडेला ओतलेलं प्रत्येक बीळ आजवर ‘जे’ होऊनच निघत होतं. मुख्य नळी सुबक, तळ सुबक आणि पळवाटेच्या जागी बोटभर खुंट. प्लास्टर पातळ केलं, आधी पाणी फवारलं, तरी खुंट तेवढाच.

कोडं उताराचं होतं. पुळण जमिनीकडे चढत जाते. पळवाट त्या अंगाला वळली असेल, तर तिचं टोक बिळाच्या तोंडापेक्षा उंच असणार. आपण तोंडापर्यंतच ओततो, मग प्लास्टर त्याच्या वर चढेल कसं? आत कोंडलेली हवा आणखी वेगळी. म्हणून पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा तोंडावर उभा बसवला, भोवती ओली वाळू थापली आणि पाइप काठोकाठ भरला. थोडा वेळ काहीच नाही. मग पातळी झपकन उतरली आणि हातभर अंतरावर वाळू फुगून तडकली. ते पळवाटेचं टोक! उकरताना हात थरथरत होते.

प्लास्टर मूर्तिकारांकडूनच घ्या. दमट हवेत उघडं पडलेलं सुटं प्लास्टर भरवशाचं नसतं. पाणी घरून गोडं न्या; खाऱ्या पाण्यात ते फार लवकर आवळतं. आणि रात्री खेकडा बाहेर पडलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय थेंबही ओतू नका.

हे बीळ मागच्या सगळ्यांपेक्षा खोल निघालं, तेही पटतं. खेकड्याला कल्ले ओले ठेवावे लागतात, म्हणून पाण्यापासून जितकं दूर घर, तितकं ओल्या वाळूसाठी खाली जावं लागतं. यापुढे सुरूच्या बनातली आणि रावणाच्या मिशा नावाच्या काटेरी गवतातली बिळं ताडून पाहायचा बेत होता. पण हे लिहिता लिहिताच वाटतंय, आधी दिशा मोजावी. पळवाटा खरंच जमिनीकडे वळतात की मला तसा एकच सापडला? पाइपची युक्ती जमली आहे, तर प्रत्येक साच्याला होकायंत्र लावता येईल. सुरूचं बन थांबेल. कासवं अंडी घालायला याच पट्ट्यात येतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून इथे उकरणं बंद. त्याआधीच्या भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या रात्री हाताशी आहेत. वेगळ्या उताराच्या पुळणीवर कुणी ओतत असेल, तर पळवाटेची दिशा तेवढी जरूर कळवा.