पाच माणसं, चार रात्री

दिरांच्या घरी उतरायचं नाही, हे सासूबाईंनीच आधी सांगून टाकलं. "त्यांचं घर केवढं, आपण किती जण. त्यात तीन महिन्यांचं बाळ. रोज भेटायला जाऊ, पण रात्रीची सोय आपली आपण बघायची." बोलणं रास्तच होतं. फक्त आमच्या मुलांना सुट्टी लागते तेव्हा बाकी जगाच्याही मुलांना लागते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात, त्या एवढ्या मोठ्या शहरात, परवडेल अशी जागा शोधायचं काम माझ्याकडे आलं. नवरा म्हणाला, "तुला हे असलं छान जमतं." हे वाक्य कानावर पडलं की पुढचे पंधरा दिवस गेले असं समजावं.

निघायला दीड महिना होता. पहिल्या संध्याकाळी ॲपवर तारखा टाकल्या आणि खूश झाले. बजेटात बसणारी तीसेक हॉटेलं समोर! अर्धा तास त्यांच्या खिडक्यांतून दिसणारं शहर बघण्यात गेला. मग वर कोपऱ्यात लक्ष गेलं: '२ प्रौढ, १ खोली'. आपण काही सांगितलं नाही तर ही ॲप्स दोनच माणसं धरून चालतात. मी तीन प्रौढ आणि दोन मुलं असं बदललं, त्यावर मुलांची वयं विचारली, बारा आणि पाच. तिसाची चार हॉटेलं उरली. त्यातलं सगळ्यात स्वस्त आमच्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट.

"मोठ्याचं वय अकरा टाकून बघ," नवरा म्हणाला. बघितलं, तर दोन ठिकाणी किंमत खरंच उतरली. मूल कुठपर्यंत मूल, हे प्रत्येक हॉटेल आपापलं ठरवतं. कुठे पाच वर्षांपर्यंत आईबापाच्या पलंगावर फुकट, कुठे अकरापर्यंत, कुठे थेट सतरापर्यंत. मी परत बारा केलं. काउंटरवर कुणी विचारलं असतं तर धाकटीने खरं वय, जन्मतारीख आणि आम्ही काय बनवाबनवी केली ते सगळं सांगितलं असतं.

मग वही काढली. ॲपवरची किंमत आणि शेवटी खिशातून जाणारे पैसे यांच्यात बरंच अंतर असतं, हे मला ऐकून माहीत होतं, पण रकाने आखल्यावर पोटात गोळा आला. कर वेगळा. जादा गादीचे वेगळे. पार्किंग वेगळं, ते आम्हाला नको होतं म्हणून सुटलो. अख्खा फ्लॅट घ्यावा तर सफाईचे पैसे. ते एका रात्रीला असोत की आठ रात्रींना, तेवढेच, म्हणजे जितकं कमी राहाल तितकं महाग पडतं. त्यात सुट्टीच्या दिवसांत बऱ्याच फ्लॅटवाल्यांची किमान पाच किंवा सात रात्रींची अट. आमच्या चार रात्री कुणालाच नको होत्या.

दोन खोल्या घ्याव्यात, एकीत सासूबाई आणि मोठा, असाही विचार केला. पण शेजारशेजारच्या खोल्या मिळतीलच असं कुणी छातीठोकपणे सांगेना. 'तुमची विनंती नोंदवली आहे' असं उत्तर यायचं. या वाक्याचा अर्थ एवढाच की तुमची विनंती नोंदवली आहे.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मी शहाणपणाची केली. दुसऱ्याच दिवशी एक महागडं पण रद्द करता येणारं बुकिंग करून ठेवलं. 'रद्द केल्यास पैसे परत नाहीत' असं लिहिलेली खोली जराशी स्वस्त मिळते आणि मोह होतो. पण घरात पाच वर्षांची मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असताना दीड महिन्यांनंतरचा सर्दी-ताप कोण सांगणार? डोक्यावर छप्पर आहे एवढं नक्की झाल्यावर शोधायला डोकं शांत राहिलं.

फार शांतही नाही. एका रात्री एक फ्लॅट सापडला. तीन खोल्या, मोठी गॅलरी, शहराच्या ऐन मध्यात, आणि किंमत आमच्या वहीतल्या सगळ्यांच्या खाली. मालकाला लिहिलं तर दोन मिनिटांत उत्तर आलं. फारच अगत्याने, मुलांची चौकशी वगैरे करून. शेवटी एक ओळ होती: ॲपवाले कमिशन खातात, तुम्ही थेट खात्यावर अर्धे पैसे पाठवा, मी तुमच्यासाठी तारखा धरून ठेवतो. मी पाठवणारही होते, खोटं कशाला बोलू. नवऱ्याने फोन हातातून घेतला, गॅलरीचा फोटो इंटरनेटवर टाकून तोच आणखी कुठे आहे का ते शोधलं, तर तीच गॅलरी, त्याच कुंड्या, भलत्याच शहरातल्या भलत्याच जाहिरातीत. ॲपच्या बाहेर पैसे गेले की ॲपवाले हात वर करतात, आणि हे त्या अगतिक माणसांची वाट बघणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. त्या रात्री आम्ही काहीच शोधलं नाही.

पुढचा आठवडा 'शहरापासून जवळ' या शब्दांनी खाल्ला. '१४ किमी' असं लिहिलेलं एक छान घर मिळालं, बजेटात बसतंय असं. नकाशावर बोट ठेवून रस्ता बघितला तेव्हा कळलं की ते चौदा किलोमीटर कावळ्याने सरळ उडत जायचे आहेत. मध्ये नदी, आणि पूल पार तिकडे. दिरांच्या दारापर्यंत दोन बस आणि एक ट्रेन धरून पावणेदोन तास. रोज जाऊन-येऊन साडेतीन तास सासूबाईंना हिंडवायचं? त्याऐवजी न गेलेलं बरं.

अडलेली गाडी सुटली ती अगदीच अवांतर वाचताना. यूथ हॉस्टेल म्हणजे पाठीवर पिशव्या घेतलेली विशीतली पोरं, अशी माझी समजूत. बघू तरी म्हणून शोधायला गेले तर त्याची जन्मकथाच हाती लागली. १९०९ साली रिचर्ड शिरमान नावाचे एक जर्मन शिक्षक मुलांना घेऊन पायी सहलीला गेले असताना वादळात सापडले आणि सगळ्यांनी एका गावातल्या शाळेत रात्र काढली. तिथे त्यांच्या मनात आलं की सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात, मग त्यांत मुलांच्या झोपायची सोय का करू नये? १९१२ मध्ये जर्मनीतल्या आल्टेना गावच्या किल्ल्यात त्यांचं कायमचं वसतिगृह उभं राहिलं. आता बऱ्याच यूथ हॉस्टेलांत कुटुंबासाठी वेगळ्या खोल्याही असतात. आम्हाला हवं होतं तिथे होती चार जणांची, वरखाली पलंगांची. पाचवं माणूस आणि सासूबाईंचे गुडघे त्यात बसेनात.

पण सुट्टीत शाळा रिकाम्या असतात, हे डोक्यातून जाईना. मी इतके दिवस सुट्टीत भरणाऱ्या जागांच्या मागे लागले होते. रिकामं काय होतं? शाळा, विद्यापीठांची वसतिगृहं, ऑफिसं. आणि ऑफिसांच्या आजूबाजूला ऑफिसच्या कामाने येणाऱ्यांसाठी बांधलेली हॉटेलं! ती एरवी सोमवार ते गुरुवार भरलेली, शनिवार-रविवारी ओस, आणि सुट्टीच्या आठवड्यात तर सगळेच दिवस ओस.

विद्यापीठाच्या वसतिगृहाला आधी फोन केला. उन्हाळ्यात बाहेरच्यांना देतो, आत्ता नाही, असं उत्तर मिळालं. मग रेल्वेचा नकाशा उघडला. शहराचा मध्य विसरून, दिरांच्या स्टेशनवर एका गाडीत, न बदलता, पाऊण तासात पोचता येईल अशी स्टेशनं वहीत उतरवली. शेवटची गाडी कितीची हेही लिहिलं. सुट्टीच्या दिवशी वेळापत्रक रविवारचं असतं आणि रविवारची शेवटची गाडी बरीच आधी सुटते, हे मला तेव्हाच कळलं. सात स्टेशनं उरली. त्यातल्या दोन स्टेशनांच्या भोवती ऑफिसांच्या इमारती होत्या.

ॲपवर ही हॉटेलं मला दिसलीच नव्हती, कारण त्यांच्या खोल्या दोघांच्याच. मी फोन लावला. पहिल्या ठिकाणी कुणी उचललाच नाही. दुसऱ्या ठिकाणी एक बाई होत्या. मी पाच माणसं म्हटल्यावर क्षणभर गप्प बसल्या.

"मॅडम, एका खोलीत पाच जमणार नाहीत. आगीच्या नियमात बसत नाही. दोन खोल्या घ्या."

"आतून दार असलेल्या?"

"तशा दोन जोड्या आहेत. पण त्यातली आज एकच खोली मोकळी आहे."

मी विचारलं, फोनवर थेट बुक केलं तर काही कमी होईल का? किंमत तीच राहील, पण धाकटीची गादी आणि सगळ्यांचा नाश्ता त्यातच धरते, म्हणाल्या. मग आवाज जरा खाली आणून त्यांनी खरी कामाची गोष्ट सांगितली. "आमच्याकडे आठ दिवस आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं. लोक दोन-तीन ठिकाणी बुक करून ठेवतात. सात दिवस उरले की त्या सकाळी मला फोन करा."

मी स्वतः तसंच एक बुकिंग अडवून बसले होते, त्यामुळे लोकांना नावं ठेवायची सोय नव्हती. एक खोली लगेच घेतली आणि तारखेवर गोल केला. त्या दिवशी नऊच्या ठोक्याला फोन केला. शेजारची खोली आदल्या रात्री सुटली होती. मी लिफ्ट आहे का विचारलं, बाथरूमला उंबरठा आहे का विचारलं, दोन्ही खोल्यांमधल्या दाराचा फोटो मागितला. त्यांनी बिचारीने व्हिडिओ पाठवला, दार दोनदा उघडून बंद करून. सगळं लेखी ईमेलवर आल्यावर आमचं महागडं बुकिंग रद्द केलं. सगळा हिशोब धरून या दोन खोल्यांचं मिळून आमच्या बजेटच्या थोडं वर गेलं. पण त्या पहिल्या चारांतल्या स्वस्ताच्या मानाने बरंच खाली.

हॉटेल फोटोत होतं तसंच निघालं, कोरडं आणि स्वच्छ. भिंतीवरची चित्रं ऑफिसातल्यासारखी. मुलांना मधल्या दाराचं एवढं वेड लागलं की त्यातून ये-जा करायला धाकटीने तिकिटं काढली.

पहिल्या संध्याकाळी दिरांकडून परत आलो, स्टेशनवर उतरलो, आणि मी जागच्या जागी थांबले. सकाळी जाणारी गाडी हॉटेलच्या बाजूच्या फलाटावर लागली होती. येणारी पलीकडच्या. मध्ये पूल, आणि पुलाच्या लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी. सासूबाईंनी पायऱ्या मोजत मोजत, कठडा धरून पूल ओलांडला. अठ्ठेचाळीस चढायच्या, अठ्ठेचाळीस उतरायच्या. खाली आल्यावर श्वास घेतला आणि म्हणाल्या, "अगं, हॉटेलच्या लिफ्टची एवढी चौकशी केलीस. स्टेशनची करायची राहिली होय?"

राहिलीच होती. सात स्टेशनांच्या वहीत तो रकानाच नव्हता.

उपाय मोठ्या मुलाने शोधला, रेल्वेचा नकाशा आता त्याच्याकडे होता. पुढच्या स्टेशनला एकच फलाट आहे आणि दोन्हीकडच्या गाड्या त्याच्याच दोन बाजूंना लागतात. आपण एक स्टेशन पुढे जायचं, समोरची परतीची गाडी पकडायची, आणि ती आपल्याला हॉटेलच्या बाजूला सोडेल. तिकीट दिवसभराचं असल्यामुळे जादा पैसे नाहीत. अकरा मिनिटं जास्त लागली, पायरी एकही नाही.

चौथ्या दिवशी लिफ्ट चालू झाली. मी पुढे होऊन बटण दाबलं. मागे वळून बघते तर सासूबाई आणि दोन्ही मुलं गाडीतून उतरलेलीच नव्हती. खिडकीशी बसून तिघं मला हात हलवत होती.