लेहरा धरणारी

पेटीच्या क्लासला मला घातलं ते गळा होता म्हणून नाही. अम्मा घरी विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर, आणि पोरगी तंबाखूच्या सुपाभोवती घुटमळू नये एवढीच तिची इच्छा. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्याच गल्लीत एक सर पेटी शिकवायचे. फी थोडी, आणि मुलांना अंधार पडेपर्यंत बसवून ठेवायचे. अम्माला दुसरं काय हवं होतं!

सारेग, रेगम, गमप. आधी गळ्यातून, मग बोटांतून. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा दिल्या, प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. रागांची माहिती घोकली, पास झाले. खरं शिक्षण झालं ते दुसऱ्यांच्या परीक्षेत. तबल्याच्या मुलांना लेहरा धरायला कुणीतरी लागायचं आणि सर मला बसवायचे.

लेहरा म्हणजे तीनतालाच्या सोळा मात्रांत बसणारी एकच ओळ, बहुतेकदा चंद्रकंसातली, पुन्हा पुन्हा. तबलेवाला पेशकार मांडतो, कायदा खुलवतो, रेला सोडतो, तिहाई घेऊन समेवर येतो आणि दाद घेतो. पेटीवालीनं त्यातलं काही करायचं नाही. घाबरलेली मुलं रेल्यात, म्हणजे वेगवान बोलांत, हमखास पळतात, लय वाढवून बसतात. सर म्हणायचे, "तो पळाला तर पळू दे, तू जाऊ नकोस. लेहरा ऐकूनच त्याला कळलं पाहिजे, आपण पळतोय." त्या वयात हे भयंकर कंटाळवाणं वाटायचं. अजूनही वाटतं. पण आज माझं घर त्याच कंटाळ्यावर चालतं.

कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात शिरले. ऑर्केस्ट्रात बाई म्हणजे गायिका, असा सगळ्यांचा समज. कीबोर्डची वायर लावताना मी दिसले की आयोजक विचारायचे, "प्लेअर कधी येणार?" गणपतीत हिंदी-मराठी, नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो त्या दिवसांत पूर्व भागात तेलुगू फर्माईश, अक्कलकोटच्या पुढे गेलं की कन्नड. तेलुगू घरचीच, त्यामुळे तिथं माझा भाव वधारायचा. हुतात्मा स्मृती मंदिरात पहिल्यांदा वाजवलं तेव्हा वडील ऐकायला आले होते. आयुष्य मागावर गेलेला माणूस. बाहेर आल्यावर म्हणाले, "आमच्या कारखान्यात असतो तेवढाच आवाज आहे की." मी ते कौतुक समजले.

पुढं रात्रीच्या कार्यक्रमांचा वीट आला. घरातल्याच एका खोलीत कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस आणि एक माइक मांडला. भिंतींना सोलापुरी चादरी लावल्या, आणखी काय लावणार. चादरीनं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेरचा आवाज अडत नाही. मागच्या गल्लीतल्या यंत्रमागांची धडधड जमिनीतून माइकच्या स्टँडमध्ये चढते. ऐंशी हर्ट्झच्या खालचं कापून टाकलं तरी खटखट उरतेच. म्हणून गळा रेकॉर्ड करायचा तो माग बंद असतील तेव्हा. वडिलांनी एकदा स्क्रीनवर मिडीच्या, म्हणजे कुठला स्वर कधी वाजायचा ते दाखवणाऱ्या, चौकटी पाहिल्या आणि म्हणाले, "हे तर जकार्डचे पुठ्ठे." मागावर नक्षी उठते ती या पुठ्ठ्यांनी. पुठ्ठ्याला जिथं भोक, तिथं धागा उचलतो. यापेक्षा चांगलं मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो गांधार. जुळलेल्या तंबोऱ्यातून स्वयंभू गांधार ऐकू येतो, षड्जापासून ३८६ सेंटवर (कीबोर्डच्या लागोपाठच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट). कीबोर्डचा गांधार ४०० वर. चौदा सेंटचा फरक म्हणजे ऐकणाऱ्याला काहीतरी खुपतंय एवढंच कळतं, काय ते सांगता येत नाही. १९४० ते १९७१ या काळात आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं, त्यामागच्या आक्षेपांत हाही एक होता, आणि पेटी शिकवणारे आमचे सर हे हसत सांगायचे. मी अभंगाच्या साथीत गांधारच गाळते, नुसते सा-प ठेवते. कुणी फारच हट्ट धरला तर सॉफ्टवेअरमध्ये तेवढा एक स्वर खाली ओढते. गायकाच्या गळ्यावर पिच करेक्शन, म्हणजे सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर, मात्र डोळे मिटून लावायचं नाही. बारा स्वरांच्या सेटिंगवर सोडलं की ते बरोबर लागलेला गांधार उचलून चुकीच्या जागी नेऊन ठेवतं, आणि वर गाणं 'स्वच्छ' झालं म्हणून लोक खूश.

कामं येतात ती पंचांगाप्रमाणे. आषाढीच्या आधी अभंग, मग गणपती, जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा. निवडणूक लागली की प्रचारगीतं. पैसे तिथंच बरे मिळतात आणि गाणी तिथलीच सगळ्यात वाईट, माझी धरून.

यंदा यात्रेच्या गाण्यासाठी खऱ्या हलग्या हव्या होत्या, कॉम्प्युटरमधले तयार आवाज, म्हणजे सॅम्पल, नको. हलगीवाल्यांच्या कानात क्लिक दिली, म्हणजे लय धरून ठेवणारी ठरलेल्या वेगाची टिकटिक. त्यांनी थोडं वाजवलं आणि हेडफोन काढून ठेवले. "हे टिकटिक कशाला? काठ्या काय टिकटिकीवर चालतात?" काठ्या म्हणजे नंदीध्वज. यात्रेत सात निघतात, आणि गर्दी, वळण, पेलणाऱ्याचा दम बघून हलगी सरकते. हलगी चढते तिथं काठीला जोर हवा असतो, हे त्यांनी मला हातवारे करून दाखवलं. सर असते तर म्हणाले असते, तू जाऊ नकोस. मी गेले. क्लिक बंद केली, त्यांना एका दमात वाजवू दिलं आणि नंतर स्क्रीनवरच्या मात्रा मोजणाऱ्या मापाच्या रेघा एकेक करून त्यांच्या ठोक्यांवर सरकवत बसले. वर कोरस आणि सनई त्याच वाकड्या रेघांवर चढवली. गाणं शेवटाकडे चांगलंच वेगात जातं आणि मला ते तसंच हवंय.

मिक्स अजून बाकी आहे. हलगीवाले रविवारी ऐकायला येणार आहेत, आणि त्यांना हलगीचा आवाज अजून मोठा हवा असणार हे मला आत्ताच माहीत आहे.